मातीची पानं सुटी करणारी वीज

उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाची झड लागली की तीच जमीन फुगून भेगा मिटवते. हे काम मॉन्टमोरिलोनाइट गटातल्या चिकणमातीचं. तिचा कण म्हणजे पापुद्र्यांची चवड. एकेक पापुद्रा जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचा, रुंदी मात्र त्याच्या शेकडो पट. पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो, तर मधल्या फटींत सोडियम, कॅल्शियमचे धन आयन. फटींत पाणी शिरलं की चवड फुगते.

पाण्याऐवजी तिथे प्लास्टिक शिरवता आलं तर? 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉन-6 मध्ये हे साधलं. वजनाने 5 टक्क्यांहून कमी माती पडली आणि 65 अंश सेल्सिअसला भाराखाली वाकणारं नायलॉन 150 अंशांच्या आसपास तग धरू लागलं. त्यातून मोटारीच्या टायमिंग बेल्टचं आवरणही तयार झालं. एवढ्याशा मातीत हे बळ येतं ते पापुद्रे सुटे झाल्यावरच. एक ग्रॅम मातीचे सगळे पापुद्रे मोकळे केले तर सुमारे 700 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो.

नायलॉनचं मातीशी जमतं, बादल्या-खुर्च्यांच्या पॉलिप्रॉपिलीनचं मुळीच नाही. म्हणून आधी फटींतलं सोडियम काढून तिथे लांब शेपटीचे अमोनियम आयन बसवायचे, वर दोघांना जोडणारं एखादं रसायन घालायचं आणि मग एक्स्ट्रूडर या प्लास्टिक वितळवून मळणाऱ्या यंत्राच्या जोडस्क्रूत सगळं मळायचं. मळणं वाढवलं तर प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिमरच्या, साखळ्या तुटतात; 200 अंशांच्या आसपास ते अमोनियमही विघटित होऊ लागतं. इतकं करूनही बऱ्याच चवडी तशाच राहतात.

इथे विद्युतक्षेत्र कामाला येतं, आणि मला हा मार्ग फार मोलाचा वाटतो, कारण जोडणाऱ्या रसायनावरची भिस्त त्याने कमी होऊ शकते. वितळलेलं मिश्रण दोन इलेक्ट्रोडांमध्ये ठेवून दर मिलिमीटरला 1000 व्होल्टच्या घरात क्षेत्र लावतात. दक्षिण कोरियातल्या संशोधकांना पॉलिप्रॉपिलीनमध्ये एक सुरेख फरक दिसला. एकदिश वीज लावली की चवडी क्षेत्राच्या दिशेने रांगेत उभ्या राहतात. प्रत्यावर्ती वीज लावली तर दिशा सतत पालटते, फटींतले आयन मागेपुढे ओढले जातात, पापुद्र्यांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि पॉलिमर आत घुसतो. हे एक्स-किरणांनी पाहता येतं. पापुद्रे ठरावीक अंतरावर रचलेले असतील तर आलेखात शिखर उमटतं. ते सुटे होत गेले की शिखर बसत जातं.

कारखान्यात अडचण येते ती जाडीची. एक मिलिमीटरच्या थराला 1000 व्होल्ट लागले तर एका सेंटिमीटरला 10,000. मिश्रणात हवेचा बुडबुडा किंवा मातीत ओलावा राहिला तर ठिणगी पडण्याचा धोका, म्हणून माती आधी नीट वाळवावी लागते. जाड वस्तूंपेक्षा पातळ फिल्मला ही रीत जास्त मानवेल. फिल्ममध्ये पसरलेले पापुद्रे ऑक्सिजनची वाट अडवतात, त्याला वळसे घ्यायला लावतात. वेष्टनातलं अन्न टिकवायला हेच हवं असतं. मात्र त्यासाठी पापुद्रे फिल्मच्या पृष्ठभागाला समांतर पसरलेले हवेत. जाडीच्या दिशेने लावलेली एकदिश वीज त्यांना नेमकं आडव्याचं उभं करेल.