डिस्क हातात आहे, पण गेम कुठे आहे?

‘डिस्क घेतली की नेटची कटकट नाही,’ असं नांदेड-लातूरकडे अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. टीव्ही गेमच्या कॅसेटवर वाढलेल्यांना तसं वाटणं साहजिक आहे. कॅसेट खोचली की खेळ सुरू, कारण अख्खा गेम तिच्यातच असायचा. प्लेस्टेशन ५च्या डिस्कचं तसं नाही. तिच्यातला गेम आधी कन्सोलच्या एसएसडीवर उतरतो आणि खेळ तिथूनच चालतो. डिस्क आत ठेवायची ती फक्त गेम विकत घेतल्याचा पुरावा म्हणून. त्यामुळे डिस्क घेतल्याने जागा वाचते, हाही भ्रमच.

एकट्याने खेळायचे बरेच गेम डिस्कवरून नेटशिवाय चालतात, हे खरं. पण २०२२च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास ऐवज होता, बाकी सगळं डाउनलोड! मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर १०० जीबीचा गेम उतरवायचा तर ५० दिवस लागतील. १०० एमबीपीएसचं फायबर घरी असेल तर तोच सव्वादोन तासांत उतरतो, आणि मध्येच लाइट गेली तरी डाउनलोड सहसा राहिलं तिथून पुढे सुरू होतं.

‘डिस्क आपली, डिजिटल भाड्याचं’ हे दुसरं ठाम मत. त्यातला दुसरा भाग बराचसा बरोबर आहे. डिजिटल दुकानात आपण गेम नव्हे, तो खेळायचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून दुकानदाराला हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. पण डिस्क आपली म्हणजे गेम आपला, असंही नाही. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ३१ मार्च २०२४ला आपल्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले आणि कपाटातल्या डिस्कही निकामी झाल्या, कारण तो गेम सर्व्हरशिवाय चालतच नव्हता. डिस्कची खरी ताकद वेगळीच आहे : ती विकता येते. पाच हजारांच्या आसपासचा गेम संपवून दुसऱ्याला दिला की बरेच पैसे सुटतात. गावात गिऱ्हाईक नाही मिळालं तर नांदेडकरांना हैदराबाद आणि लातूरकरांना पुणे आहेच. पीसीच्या डिस्कला मात्र ही सोय सहसा नाही. तिच्यासोबतचा कोड एकदा स्टीम या पीसी गेमच्या डिजिटल दुकानातल्या खात्याला जोडला की डिस्क विकून पुढच्याच्या हाती काही लागत नाही.

मग डिजिटल तरी स्वस्त असतं का? खोकं नाही, वाहतूक नाही, तरी कन्सोलवर नव्या गेमचा भाव बहुधा डिस्कइतकाच असतो, कारण तिथे दुकान एकच. पीसीचा मामला निराळा. स्टीमवर २०१५पासून रुपयांत भाव आहेत आणि सेलमध्ये ते चांगलेच उतरतात. शिवाय काही गेम सुरुवातीला डिस्कवर मिळतच नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२०मध्ये आला तो डिजिटलच. डिस्कसाठी अडून बसणाऱ्याचा तो तेव्हा हुकला असता.

खरा फटका बसतो तो ‘अकाउंट घ्या, निम्म्या पैशात गेम’ या सौद्यात. लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या पोरांना हा मोह पडणं सोपं आहे. एक जण एका खात्यावर गेम घेतो आणि त्याच खात्याचा पासवर्ड ‘प्रायमरी’, ‘सेकंडरी’ म्हणून वेगवेगळ्या लोकांना विकतो. एका खात्यावरचा गेम दुसऱ्यालाही खेळू देणारी कन्सोल शेअरिंगची सोय घरच्यांसाठी आहे, तिचाच हा गैरवापर. खातं विकणं प्लेस्टेशनवाल्या सोनीच्या अटींत बसत नाही. मूळ मालकाने ईमेलवरून पासवर्ड बदलला की तुमचा गेम गेला, आणि दाद मागायला पावतीही तुमच्या नावावर नसते.

जुना कन्सोल घेणार असाल तर आधी डिस्कची खाच बघा. एक्सबॉक्स सिरीज एस आणि पीएस५ डिजिटल एडिशनला ती नसते. पीएस५ स्लिमच्या डिजिटल एडिशनला ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना नेट लागतंच.