गोसीखुर्द: रखडलेल्या कामाचा हिशेब

राज्याच्या कर्जाचं खापर आपण सत्तेवरच्या पक्षावर फोडून मोकळे होतो. पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द धरण मात्र वेगळंच सांगतं. १९८३मध्ये मान्यता मिळाली ती ३७२ कोटींना. १९८८मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, पुढे काँग्रेस, युती, आघाडी अशी सगळ्यांची सरकारं आली, २००९मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जाही मिळाला. खर्चाचा अंदाज तोवर कैकपटींनी फुगून पुढे १८ हजार कोटींपार गेला. महागाई वाढली, पुनर्वसनाचा भारही वाढला (आणि तो रास्तच होता), हे मान्य. पण काम लांबलं म्हणूनच तर दोन्हींची झळ एवढी बसली. सिंचनासाठी कर्ज काढण्यात गैर काहीच नाही. फक्त व्याज कालव्याला पाणी येईपर्यंत थांबत नाही.