मोटार दारात, की ठेव बँकेत?

मैत्रिणींनो, लेकीच्या शिक्षणाची ठेव मोडून जुनी जर्मन मोटार घ्यायचा घाट आमच्या गोडदेवच्या घरीही घातला गेला! मर्सिडीजची जुळणी चाकणला होते, ऑडीची छत्रपती संभाजीनगरला, बीएमडब्ल्यूची चेन्नईला. तरी सुटे भाग महागच. जुन्या गाडीची किंमत उतरते, दुरुस्तीचा खर्च नाही. आणि नाक्यावरच्या गर्दीत दोनशे अश्वशक्ती काय कामाची? तुंबलेलं पाणी इंजिनात शिरलं, तर साधा विमा सहसा भरपाई देत नाही. इंजिनाचं जादा संरक्षण घ्यावं लागतं. घ्यायचीच असेल, तर सर्व्हिसची नोंद नि विम्याचे जुने दावे बघा, माहितगार मेकॅनिककडून तपासून घ्या. आम्ही हे सारं कागदावर मांडलं. ह्यांनीच मग ठेवीची पावती परत कपाटात ठेवली!