ग्लुटेन, सिलिॲक आजार आणि आपली ज्वारी: तपासणी कधी करावी, धान्य कसे सांभाळावे

परभणीच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सोयाबीन किंवा भुईमूग पिवळा पडतो तेव्हा माती परीक्षणात अनेकदा लोह पुरेसे निघते. लोह जमिनीत असते, पण मुळांना ते उचलता येत नाही. माणसाच्या बाबतीतही असे होते. महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या चालू असतात, आहार बरा असतो, तरी हिमोग्लोबिन ८-९ च्या वर सरकत नाही. अशा वेळी गोळ्या बदलत बसण्याआधी अन्न शोषणारे आतडे ठीक आहे का, हे पाहावे. त्यामागच्या एका कारणाचा थेट संबंध आपल्या शेतातील गव्हाशी आहे. त्याचे नाव सिलिॲक आजार.

ग्लुटेन म्हणजे काय?

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की कणीक ताणली जाते. तो ताण ग्लुटेन या प्रथिनामुळे येतो. म्हणूनच पोळी लाटता येते आणि पाव फुगतो. ज्वारीत ग्लुटेन नसते. त्यामुळे ज्वारीचे पीठ ताणले जात नाही, गरम पाणी घालून मळावे लागते आणि भाकरी हाताने थापावी लागते. सुगरणींना हा फरक कुठल्याही पुस्तकाआधी माहीत आहे.

ग्लुटेन गहू, सातू (बार्ली) आणि राय या धान्यांत असते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे गरजेचे आहे. खपली, बन्सी, जोड, शरबती, जुने देशी वाण, सेंद्रिय पद्धतीने पिकवलेला गहू या सगळ्यांत ग्लुटेन आहे. खपलीला चांगला भाव मिळतो आणि तिचे इतर गुण असतीलही, पण काही विक्रेते ती 'ग्लुटेनमुक्त' म्हणून विकतात हे साफ चुकीचे आहे. सिलिॲकच्या रुग्णाने त्या शब्दावर विश्वास ठेवून खपली खाल्ली, तर त्याचे आतडे पुन्हा खराब होते. आपण खपली पिकवत असाल तर पिशवीवर हा शब्द छापू नये.

शरीरात काय होते?

लहान आतड्याच्या आत मुळांवरच्या केसमुळांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातील लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे तेथून शोषली जातात. काही लोकांत जन्मतः अशी जनुके असतात की ग्लुटेन आत गेल्यावर शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. उंचवटे झिजून सपाट होतात. मग कितीही चांगले खाल्ले तरी अंगी लागत नाही.

गव्हाशी असलेला हा संबंध नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे युद्धामुळे पाव मिळेनासा झाला. बाकी लोक उपासमारीने खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारू लागली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली.

भारतात २३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तात या आजाराच्या खुणा असणाऱ्यांचे प्रमाण उत्तरेत शेकडा १.२३, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० आढळले. जनुकांत एवढा फरक नव्हता, गव्हाच्या खाण्यात मात्र मोठा होता. आपल्याकडे दोन पिढ्यांपूर्वी गव्हाची पोळी सणाला होत असे. आता रेशनचा गहू, सकाळी चहाबरोबर बिस्किट आणि मुलांच्या डब्यात पोळी हे रोजचे झाले आहे. म्हणून 'हा पंजाबकडचा आजार, आपल्याकडे नसतो' असे धरून चालू नये.

केव्हा संशय घ्यावा?

वारंवार जुलाब, पोट फुगणे, वजन घटणे ही ओळखीची लक्षणे आहेत, पण ती सगळ्यांनाच असतात असे नाही. अनेकांचे पोट अजिबात दुखत नाही. मूल वर्गातील इतरांपेक्षा बुटके राहते, मुलीची पाळी उशिरा येते, लोहाची कमतरता औषधांना दाद देत नाही, कमी वयात हाडे ठिसूळ होतात, गर्भ राहत नाही किंवा टिकत नाही, एवढेच दिसते. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वयंप्रतिकार विकार असणाऱ्यांत हा आजार जास्त आढळतो. घरात एकाला निदान झाले असेल तर त्याचे आई-वडील, भावंडे, मुले यांचीही तपासणी करावी, लक्षणे नसली तरी.

आशा ताई, अंगणवाडी सेविका आणि कृषी सहायकांनी हे ध्यानात ठेवावे: 'मूल खात नाही' आणि 'खाल्लेले अंगी लागत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात आईला बोल लावणे थांबवून मुलाला डॉक्टरकडे पाठवावे.

तपासणी कशी होते? गहू आधी बंद करू नका

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. शेजारी सांगतात, मोबाइलवर चित्रफीत येते, आणि लोक आधी गहू सोडतात. महिना-दोन महिन्यांनी बरे वाटले की मग तपासणीला जातात. तोवर रक्तातील खुणा कमी झालेल्या असतात आणि अहवाल खोटा 'निगेटिव्ह' येऊ शकतो. तपासणी पूर्ण होईपर्यंत रोजची पोळी चालू ठेवावी. गहू आधीच सोडला असेल तर तसे डॉक्टरांना सांगावे. तो पुन्हा किती दिवस खायचा हे ते ठरवतील.

पहिली पायरी रक्ततपासणीची. तिला टीटीजी-आयजीए म्हणतात. सोबत एकूण आयजीएही तपासून घ्यावे, कारण काहींच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असते आणि मग पहिली तपासणी फसवी ठरते. उपाशीपोटी जावे लागत नाही. बहुतेक प्रयोगशाळा नमुना मोठ्या शहरात पाठवतात, म्हणून अहवालाला काही दिवस लागतात.

रक्तात खूण आढळली की प्रौढांत साधारणपणे दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा तपासला जातो. दुर्बीण म्हटले की लोक घाबरतात, पण ही काही मिनिटांची तपासणी आहे. ती टाळू नये. आपल्या भागात आतड्याचा क्षयरोग, जंत व इतर संसर्ग यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. खरे कारण न कळता आयुष्यभराचे पथ्य सुरू करणे दोन्ही बाजूंनी नुकसानीचे आहे. परभणीच्या शासकीय रुग्णालयात आधी विचारावे. सोय नसल्यास नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी.

सगळे अहवाल नीट असूनही गहू खाल्ल्यावर पोट फुगत असेल तर ती ग्लुटेनची असहनशीलता असू शकते. तिच्यासाठी वेगळी रक्ततपासणी नाही. आधी सिलिॲक आणि गव्हाची ॲलर्जी नाही याची खात्री करून मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली गहू बंद-चालू करून पाहतात. यात आतडे झिजत नाही, त्यामुळे पथ्यही तितके कडक लागत नाही. ॲलर्जी मात्र वेगळी. तिच्यात अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे असे लगेच होते.

काय खावे?

सिलिॲकवर गोळी नाही. ग्लुटेन जन्मभर पूर्ण बंद करणे हाच उपचार. दिल्लीत राहणाऱ्याला यासाठी महागडी पाकिटे शोधावी लागतात. परभणीच्या माणसाचे पथ्य त्याच्या रानातच आहे. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, राळा, भगर, राजगिरा, सर्व डाळी, शेंगदाणे, भाज्या, दूध, अंडी, मांस चालते. उपवासाचे पदार्थ बहुतेक चालतात. हुरडा, ज्वारीच्या कण्या, आंबील हे तर आपलेच.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने रब्बीसाठी 'परभणी मोती' आणि 'परभणी ज्योती' हे ज्वारीचे वाण दिले आहेत. 'परभणी शक्ती' हा वाण लोह आणि जस्त जास्त असण्यासाठी निवडलेला आहे. निदानाच्या वेळी बहुतेक रुग्णांत लोह कमी असते, म्हणून घरच्या खाण्यासाठी त्याचा विचार जरूर करावा. भाकरीसोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा आणि जेवणाला लागून चहा टाळावा, म्हणजे लोह जास्त शोषले जाते. अर्थात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडू नयेत. सुरुवातीचे काही महिने दूध पचले नाही तर घाबरू नये. आतडे भरून आले की बहुतेकांना ते पुन्हा पचू लागते.

लपलेला गहू ओळखणे जास्त कठीण. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, धपाटे यांत गहू असतो. रवा, मैदा, शेवया, लापशी ही गव्हाचीच. कुरडईचा चीक धुतलेला असला तरी त्यात ग्लुटेन उरते. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, तेव्हा वेष्टन वाचावे. अंगणवाडीच्या घरपोच आहारातही गहू असू शकतो. लग्नाच्या पंगतीत वरण-भात बरा. भजी बेसनाची असली तरी पुऱ्या तळलेल्या तेलातली नको. पोळ्याला, होळीला पुरण खुशाल खावे, पोळी तेवढी सोडावी. 'प्रसादाला काय होतंय' म्हणून हातावर ठेवलेला शिरा मात्र खाऊ नये. शरीराला प्रसादाचा रवा आणि हॉटेलचा रवा यांतला फरक कळत नाही.

धान्य वेगळे ठेवणे: पाच दाण्यांचा हिशेब

ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात भारतीय अन्न सुरक्षा नियमांनुसार किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा आणि त्यात दहावा हिस्सा ग्लुटेन धरले, तर दाण्यामागे ४ मिलिग्रॅम होते. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाचच दाणे आले की मर्यादा गाठली. एका पोळीत तर अडीच-तीन हजार मिलिग्रॅम ग्लुटेन असते.

आता आपल्याकडची पद्धत पाहा. रब्बी ज्वारी आणि गहू मागेपुढे निघतात, मळणी यंत्र एकच, पोती तीच आणि गिरणीही तीच. म्हणून घरात रुग्ण असेल तर खाण्यापुरती ज्वारी हाताने कणसे खुडून, ताडपत्रीवर बडवून वेगळी करावी. यंत्र वापरायचेच असेल तर ते झाडून घ्यावे आणि सुरुवातीचे पोतेभर धान्य विक्रीला काढावे. गव्हाची जुनी पोती वापरू नयेत. गावच्या गिरणीत गव्हानंतर दळलेले ज्वारीचे पीठ रुग्णाला चालत नाही. घरगुती चक्की फक्त याच धान्यांसाठी ठेवावी, नाहीतर जाते आहेच. परात, चाळणी आणि पिठाचा डबा वेगळा ठेवावा. तवा धुऊन आधी भाकरी भाजावी, नंतर पोळ्या.

ज्वारीचे पीठ 'ग्लुटेनमुक्त' म्हणून विकू इच्छिणाऱ्या बचत गटांना आणि शेतकरी कंपन्यांना हाच हिशेब लागू आहे. ज्वारीत ग्लुटेन नाही एवढ्यावर तो शब्द छापता येत नाही. वेगळी चक्की हवी आणि पिठाची प्रयोगशाळेत तपासणी हवी. ते जमत नसेल तर 'ज्वारीचे पीठ' एवढेच लिहावे.

रुग्णाने गव्हाला हात लावला तर काही होत नाही. धूळ मात्र तोंडावाटे पोटात जाते. गोठ्यात कोरडे पशुखाद्य कालवताना उडणाऱ्या धुळीमुळे, पथ्य पाळूनही आजार न शमलेल्या दोन आयरिश शेतकऱ्यांची नोंद २००७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. मळणीच्या वेळी आणि गव्हाचा कोंडा कालवताना मास्क लावावा किंवा ते काम दुसऱ्याकडे द्यावे. गव्हाचा कोंडा खाणाऱ्या म्हशीचे दूध मात्र निर्धास्त प्यावे, दुधात ग्लुटेन उतरत नाही.

पथ्य सुरू झाल्यावर बऱ्याच जणांना काही आठवड्यांत हुशारी वाटू लागते. आतडे भरून यायला मात्र अनेक महिने, प्रौढांत कधी वर्ष-दोन वर्षे लागतात. साधारण सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा तपासावे. आकडा उतरत नसेल तर आधी गिरणीची, हिंगाची आणि मुलाच्या दप्तरातील बिस्किटाची चौकशी करावी.