एकोणसत्तर आणि सत्तर

ऊर्जानगरच्या औष्णिक केंद्राला लागणारा कोळसा नुसत्या वजनावर विकला जात नाही. तो किती उष्णता देईल, यावर त्याचा भाव ठरतो. उष्मांकाप्रमाणे कोळशाच्या जी-१ पासून जी-१७ पर्यंत प्रती पाडलेल्या आहेत. गाडीभर कोळसा जाळून बघता येत नाही, म्हणून ठिकठिकाणचा थोडाथोडा उचलून नमुना काढतात, तो दळतात, त्याचे भाग करतात आणि एक भाग मोहोरबंद करून राखून ठेवतात. खाणवाले आणि वीजवाले यांच्या आकड्यांत तफावत आली, तर तो राखीव भाग तिसऱ्या प्रयोगशाळेकडे जातो. नमुन्यावरून काढलेला आकडा चुकू शकतो, हे इथे दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केलेलं आहे. शेजारच्या चंद्रपुरात एखादी आई आठ वर्षांच्या मुलाला दिव्यांग प्रमाणपत्रासाठी घेऊन येते, मानसशास्त्रज्ञ तिला प्रश्न विचारतात, मुलाकडून काही कामं करवून घेतात आणि कागदावर ६९ किंवा ७० असा आकडा उमटतो. तोही नमुन्यावरूनच काढलेला असतो. मात्र त्याचा राखीव भाग कुठे ठेवलेला नसतो आणि ‘हा आकडा इतका इकडेतिकडे होऊ शकतो’ असं सांगणारी ओळही त्याच्याशेजारी नसते. यात चाचण्यांचा दोष थोडा आहे. आकड्यातली चूक कशी मोजायची, हे चाचणीशास्त्राने शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे. चाचणीच्या पुस्तिकेतून प्रमाणपत्रावर येईपर्यंत ते गळून पडतं आणि उरलेल्या नुसत्या आकड्यावर माणसाचं बरंचसं आयुष्य ठरतं.

या आकड्याचा विदर्भाशी संबंध जवळचा आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये सामाजिक परिपक्वतेची एक मापनश्रेणी तयार केली. मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, घड्याळ पाहून वेळ सांगतं का, किरकोळ खरेदी करतं का, असे तिचे प्रश्न असतात आणि ते मुलाला नव्हे, तर त्याला ओळखणाऱ्या माणसाला, बहुधा आईला विचारले जातात. ही श्रेणी भारतीय मुलांसाठी बेतली ती आर्थर मालिन यांनी, नागपुरात. त्यांनीच १९६९ मध्ये वेक्सलर यांच्या बुद्धिमापन कसोटीचं भारतीय रूपही तयार केलं. आज देशभरातले मानसशास्त्रज्ञ रोज जी दोन साधनं हाताळतात, ती नागपूरची आहेत, हे खुद्द नागपूरकरांनाही फारसं ठाऊक नसतं. व्हाइनलँड श्रेणीच्या भारतीय रूपात ८९ प्रश्न आहेत. उत्तरांवरून मुलाचं ‘सामाजिक वय’ काढायचं, त्याला खऱ्या वयाने भागायचं, शंभराने गुणायचं. जानेवारी २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत या गुणांकाचा तक्ताच आहे: ५५ ते ६९ म्हणजे सौम्य अक्षमता, ५० टक्के, ७० ते ८४ म्हणजे सीमारेषेवरचा, २५ टक्के. सवलती आणि आरक्षण यांचे बहुतेक दरवाजे ४० टक्क्यांना उघडतात. म्हणजे ६९ ला दार उघडं आणि ७० ला बंद. २०२४ मध्ये या मार्गदर्शक सूचना सुधारल्या गेल्या, पण सूचना कितीही सुधारल्या तरी कुठेतरी रेघ ओढावीच लागते आणि रेघेच्या दोन बाजूंना दोन मुलं उभी राहतातच.

आता त्या एका अंकाचं वजन बघू. या श्रेणीत पाच वर्षांच्या आसपासच्या एकेका वर्षासाठी जेमतेम पाच-सहा प्रश्न आहेत. म्हणजे एक प्रश्न साधारण दोन महिन्यांच्या सामाजिक वयाचा. आठ वर्षांचं मूल ९६ महिन्यांचं असतं, तेव्हा एका प्रश्नाच्या ‘हो’ किंवा ‘नाही’ने त्याचा गुणांक दोनेक अंकांनी हलतो. त्यातला एक प्रश्न असा: मूल शेजारपाजारी एकटं जातं का? पुण्याच्या सोसायटीत याचं उत्तर सोपं आहे. ऊर्जानगर-दुर्गापूरच्या वस्तीत झुडपी जंगल भिंतीला लागून आहे, बिबट्याचा वावर नेहमीचा आहे आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तर औष्णिक केंद्राच्या परिसरातच वाघाने एका कामगाराचा जीव घेतला. तिथली शहाणी आई अंधार पडल्यावर कोणत्याच मुलाला एकटं सोडत नाही. तिचं ‘नाही’ मुलाच्या परिपक्वतेविषयी काही सांगत नाही, ते बिबट्याविषयी सांगतं. डॉल यांना ही अडचण माहीत होती. त्यांनी ‘संधी नाही’ अशी वेगळी खूण ठेवली आणि संधी मिळाली असती तर मुलाने ते केलं असतं, असं परीक्षकाला वाटलं तर गुण द्यायला सांगितलं. सोय चांगली आहे. पण आता तो गुण परीक्षकाच्या अंदाजावर गेला. वरोऱ्याचा परीक्षक एक ठरवील, मुंबईहून बदलून आलेला दुसरं. एका अंदाजावर दोन अंक आणि दोन अंकांवर प्रमाणपत्र.

विश्वसनीयता म्हणतात ती इथे येते. पुन्हा मोजलं तर आकडा किती जुळेल, एवढाच तिचा प्रश्न. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये मांडलं की मिळालेला प्रत्येक गुण म्हणजे खरा गुण अधिक चूक. खरा गुण कधीच दिसत नाही. दिसतो तो दोन्हींचा मिळून झालेला आकडा. मग चूक किती, हे ओळखायचं कसं? तीच चाचणी काही दिवसांनी पुन्हा घ्यायची, किंवा प्रश्नांचे दोन अर्धे करून त्यांचे गुण जुळतात का ते पाहायचं, किंवा दोन परीक्षकांना एकाच मुलाला स्वतंत्रपणे गुण द्यायला सांगायचं. त्यातून शून्य ते एक यांच्यामधला सहसंबंध निघतो. व्यक्तीच्या आयुष्यावर परिणाम करणाऱ्या निर्णयासाठी तो किमान ०.९० असावा, असं या विषयातली पाठ्यपुस्तकं सांगतात. ०.९० ऐकायला भक्कम वाटतं. पण बुद्ध्यंकाच्या आधुनिक कसोट्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असतं. त्यावरून हिशेब केला, तर ०.९० विश्वसनीयतेच्या कसोटीची प्रमाण त्रुटी पावणेपाच अंकांच्या आसपास येते. म्हणजे ६९ मिळालेल्या मुलाचा खरा गुण साठ ते अठ्ठ्याहत्तर यांच्या दरम्यान कुठेतरी आहे, इतकंच पंचाण्णव टक्के खात्रीने म्हणता येतं. ही चांगल्या कसोटीची गोष्ट झाली. विश्वसनीयता ०.८४ वर आली, की त्रुटी सहा अंकांची होते आणि तो पट्टा दोन्हीकडे बाराबारा अंक पसरतो. या पट्ट्याच्या मधोमध रेघ ओढून तिच्या अलीकडे-पलीकडे वेगळा न्याय करायचा, हे गणिताच्या दृष्टीने नाणेफेकीहून फार चांगलं नाही.

पण नुसत्या जुळण्यावर विसंबता येत नाही. भामरागडच्या एखाद्या माडिया मुलाला दोन परीक्षकांनी मराठीतून तेच प्रश्न विचारले, दोघांचे गुण तंतोतंत जुळले, तर विश्वसनीयता उत्तम. मात्र मोजलं गेलं ते त्याचं मराठी. सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, हा प्रश्न निराळा आहे आणि कितीही उंच विश्वसनीयता त्याचं उत्तर देत नाही. तो मुलगा शेळ्या राखतो, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला रानात जातो, कोणतं झाड कोणाच्या मालकीचं हे सांगू शकतो. श्रेणीत यातलं काही विचारलेलं नाही. तिथे विचारलेलं असतं ते अधूनमधून पत्र लिहिण्याविषयी. शब्दांचा तर्जुमा केला म्हणजे चाचणी माडियात आली असंही होत नाही, कारण मराठीत सोपा असलेला शब्द माडियात अवघड असू शकतो आणि प्रश्नांचा चढता क्रमच बिघडतो. म्हणून ‘या चाचणीची विश्वसनीयता ०.९० आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या मुलांवर, कोणत्या भाषेत, कोणत्या साली ०.९० आली, हे त्यात यायला हवं.

साल विशेष महत्त्वाचं. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला कन्नड आणि मराठी मुलांसाठी आल्फ्रेड बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचं रूपांतर केलं आणि त्यावरचं पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झालं. त्या काळच्या मानाने ते काम थोर आहे; परक्या देशाची मोजपट्टी जशीच्या तशी न वापरता आपल्या मुलांवर तपासून घेण्याची शिस्त त्यांनी घालून दिली. पण बिने-कामत कसोटी त्यानंतर अनेक दशकं दवाखान्यांतून वापरात राहिली आणि तिच्यात आजच्या मुलाची तुलना होते ती तेव्हाच्या मुलांशी. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेत दर दशकाला सरासरी बुद्ध्यंक तीनेक अंकांनी चढत गेला. भारतातली वाढ नेमकी तेवढीच धरता येणार नाही, पण दिशा तीच असेल तर जुन्या प्रमाणकांवर आजचं मूल आहे त्याहून वर दिसतं. ज्याला खरोखर मदतीची गरज आहे, ते सत्तरच्या वर जातं आणि रिकाम्या हाताने परत येतं. म्हणजे एक चूक आकडा खाली ढकलते, दुसरी वर, आणि कागदावर मात्र दोन्ही सारख्याच ठाम दिसतात.

यावर प्रशासनातला माणूस म्हणेल की पट्टे-बिट्टे ठीक आहेत, पण कुठेतरी हो किंवा नाही म्हणावंच लागतं. रेघ पुसली तर वशिला शिरेल. या आक्षेपात तथ्य आहे. लवचीकपणाचा फायदा नेहमी ओळखीच्यालाच मिळतो, हे आपल्याकडे कोणी समजावून सांगायला नको. पण रेघ ठेवूनही चुकीची दखल घेता येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०१४ मध्ये फ्लोरिडा राज्याचं एक प्रकरण आलं. मृत्युदंडाची शिक्षा सुनावलेल्या कैद्याचा बुद्ध्यंक ७१ होता आणि राज्याचा नियम असा, की ७० च्या वर असेल तर बौद्धिक अक्षमतेचा दुसरा कोणताही पुरावा बघायचाच नाही. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला: चाचणी स्वतःच आपली त्रुटी सांगत असताना राज्याने ती न ऐकल्यासारखं करणं चालणार नाही. सत्तरची रेघ न्यायालयाने पुसली नाही. तिच्या आसपासच्या काही अंकांत आकड्यावर थांबू नका, बाकीचा पुरावा बघा, एवढंच सांगितलं. वशिल्याला यात वाव वाढत नाही. उलट ‘संधी नाही’च्या खुणेत लपलेला परीक्षकाचा अंदाज उघड्यावर येतो.

उलट बाजूचा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे. इतकी चूक असेल तर चाचण्या हव्यात कशाला? अनुभवी शिक्षकाला, डॉक्टरला मूल बघताच कळतं. या अनुभवी नजरेचा मान ठेवूनही विचारावं लागतं की तिची विश्वसनीयता कोणी मोजली आहे? जिथे मोजली गेली, तिथे चित्र बरं नाही. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली. कोणी तिला तिशीच्या आत गुण दिले, कोणी नव्वदीच्या वर. भूमिती म्हणजे जिथे उत्तर एक तर बरोबर किंवा चूक, असं आपण समजतो! पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली, तीही याच नजरेवरच्या अविश्वासातून. कोणत्या मुलाला वेगळी मदत हवी, हे एकेका शिक्षकाच्या आणि डॉक्टरच्या मतावर सोडलं की मतं जुळत नव्हती. नजरेची चूक चाचणीइतकीच, बहुधा जास्त असते. फरक इतकाच, की चाचणीची चूक मोजता येते आणि नजरेची कबूलही केली जात नाही.

सगळ्याच चाचण्यांना इतकी कडक कसोटी लावायची गरज नाही, हेही खरं. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. कला, वाणिज्य, कृषी, गणवेशधारी सेवा वगैरे क्षेत्रांपैकी कुठे ओढा आहे, ते सांगणारी. पंधरा वर्षांच्या मुलाचा ओढा सहा महिन्यांत बदलतो, तेव्हा तिच्या निकालात डळमळ असणारच. पण त्या अहवालामुळे कोणाचा प्रवेश अडला नाही. घरात चर्चा झाली असेल, तर तेवढ्यापुरती ती पुरेशी होती. निर्णय जितका भारी, तितकी मोजमापाकडून अपेक्षा मोठी.

दिव्यांग प्रमाणपत्राचा निर्णय भारी आहे आणि त्याला लागणाऱ्या सुधारणा त्या मानाने स्वस्त आहेत. अहवालात आकड्याऐवजी पट्टा लिहायचा, प्रमाणकांचं साल आणि चाचणीची भाषा नोंदवायची. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने भारतीय मुलांवर प्रमाणित केलेली नवी बुद्धिमापन कसोटी आणली आहे. ती जिल्ह्यांपर्यंत आणि जिल्ह्यांच्या भाषांपर्यंत पोचवायची. रेघेच्या जवळ आलेल्या मुलांसाठी दुसरी फेरी ठेवायची. यावर हमखास विचारलं जाईल की भामरागडहून शंभर मैलांवर गडचिरोलीला एकदा येतानाच मजुरी बुडते, त्या आईला पुन्हा कशाला बोलवायचं? बोलवायचं कारणच नाही. व्हाइनलँड श्रेणी मुलाला ओळखणाऱ्याला विचारली जाते. आश्रमशाळेतल्या माडिया बोलणाऱ्या शिक्षकाला तेच ८९ प्रश्न फोनवर विचारता येतात. त्याची उत्तरं आईच्या उत्तरांशेजारी लिहायची आणि जिथे दोघांचं जुळत नाही ते प्रश्न प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळापुढे तसेच ठेवायचे: शिक्षक म्हणतात एकटा जातो, आई म्हणते नाही, आणि आईने कारण दिलंय, बिबट्या.