वीतभरही नसलेला समुद्रदेव

ठाणे जिल्ह्यातल्या अंबाडी नाक्यावरून वज्रेश्वरीचा रस्ता धरला की पुढे शिरसाड आणि मग नालासोपारा. उलट अंगाला भिवंडी ओलांडली की कल्याण. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण ही दोन्ही बंदरं नावानिशी येतात. त्या काळी या किनाऱ्यावर उतरलेला परदेशी माल घाट चढून पार देशावर जाई. त्यातला एक अस्सल नमुना कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाचं भूषण आहे: पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. उंची जेमतेम १३ सेंटिमीटर, धातू कासं.

कोल्हापुरातच पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात खोदकाम झालं, त्यात सातवाहनकाळातल्या तांब्या-काशाच्या वस्तूंचा साठा हाती लागला. १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केलं. साठ्यात आरसे होते, रोमन घडणीचा जार होता आणि हा देव. त्याच्या हातातला त्रिशूळ केव्हाच गळून गेलाय.

आता खरी गंमत. हा देव म्हणजे नक्कल आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकातल्या लिसिपस या शिल्पकाराच्या घडणीवर तो बेतलेला. लिसिपसने पंधराशे शिल्पं केली, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो; आज त्यांतलं निर्विवाद त्याच्या हातचं एकही नाही. कासं वितळवलं की पुन्हा कामाला येतं, त्यामुळे मोठे पुतळे भट्टीत गेले. रोमन श्रीमंतांच्या घरांत शोभेला ठेवलेल्या छोट्या प्रतिकृती मात्र तगल्या. नकलेला नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

हाच धंदा एकोणिसाव्या शतकात नेपल्समध्ये पुन्हा तेजीत आला. पाँपेई आणि हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन शहरांतल्या शिल्पांवरून साचे घ्यायचे, साच्यात आतून मेणाचा थर द्यायचा, पोकळीत गाभा भरायचा, साचा काढून वरून साच्याच्या मातीचा लेप द्यायचा, भाजून मेण काढून टाकायचं आणि मोकळ्या जागेत धातू ओतायचा. किउरात्झी ओतशाळेत तर गिऱ्हाईकाला रंगही निवडता येई: पाँपेईचा हिरवा की हर्क्युलेनियमचा काळा. म्हणजे दोन हजार वर्षांचा गंज रसायनं लावून काही दिवसांत!

नकला आपल्याकडेही झाल्या. मराठवाड्यातल्या तेरला रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या. त्या गळ्यात घालत असावेत. ब्रह्मपुरीच्या साठ्यातला, पाठीवर माणसं बसलेला काशाचा हत्ती मात्र अस्सल इथला. पाहुणे पोसायडनसाठी येतात. मला विचाराल तर जास्त वेळ हत्तीला द्यावा.