मदरबोर्ड बदलला, तरी संगणक मुकाच?

संगणकाचा मदरबोर्ड निकामी झाला, की संपूर्ण संगणक मोडीत काढण्याऐवजी केवळ बोर्ड बदलण्याचा मार्ग अनेकजण पत्करतात. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क शाबूत असताना तो शहाणपणाचाही ठरतो. मात्र नवा बोर्ड आणावा, सारे भाग जोडावेत, मोठ्या अपेक्षेने बटण दाबावे आणि पडद्यावर अंधारच राहावा, हा अनुभवही तितकाच सार्वत्रिक आहे. अशा वेळी पहिला संशय बोर्डावर घेतला जातो. ‘माल खराब निघाला’ म्हणून तो दुकानात परत नेला जातो, तेथे तो व्यवस्थित चालतो आणि ग्राहक व दुकानदार एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. नवा बोर्ड मुळातच सदोष निघू शकतो, हे खरे. परंतु त्या निष्कर्षाला पोचण्याआधी तपासण्याजोग्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्यांतील बहुतेकांना स्क्रू-ड्रायव्हर व संयम यांपलीकडे काही लागत नाही.

बटण दाबण्यापूर्वीच एका प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे. जुना बोर्ड कशाने गेला? विजेचा दाब एकाएकी वाढल्याने किंवा पावसाळ्यात जवळपास वीज कोसळल्याने तो जळाला असेल, तर त्याला वीज पुरवणारा एसएमपीएस सुस्थितीत असेलच असे नाही. किंबहुना एसएमपीएसच्या दोषामुळेच बोर्ड गेला असण्याचीही शक्यता असते आणि मग नव्या बोर्डाचा बळी देण्याची तयारी आपण स्वहस्ते करीत असतो. एसएमपीएसकडून बोर्डाला १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा होतो. त्यात पाच टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो. म्हणजे १२ व्होल्टच्या तारेवर मल्टिमीटरने ११.४ ते १२.६ यांदरम्यान आकडा दाखवला पाहिजे. मात्र भार नसताना योग्य आकडा दाखवणारा एसएमपीएस भार पडताच मान टाकू शकतो. म्हणून ओळखीच्या माणसाकडून चालू स्थितीतला एसएमपीएस आणून जोडून पाहणे हीच अधिक भरवशाची कसोटी. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही आतील कॅपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहतो.

संगणकाचे मौन सरसकट एकसारखे नसते. बटण दाबल्यावर काहीच हालचाल न होणे, पंखा क्षणभर फिरून थांबणे आणि पंखे नीट फिरत असूनही पडदा काळा राहणे, या तीन अवस्था वेगवेगळ्या कारणांकडे बोट दाखवतात.

काहीच हालचाल नसेल, तर आधी एसएमपीएसच्या मागील स्विचकडे पाहावे. अनेक बोर्डांवर एक छोटा दिवा असतो. संगणक बंद असतानाही एसएमपीएस ५ व्होल्टचा राखीव पुरवठा चालू ठेवतो आणि त्यावर हा दिवा लागतो. दिवा लागला असूनही बटणाला प्रतिसाद नसेल, तर कॅबिनेटच्या बटणाची दोन टोके चुकीच्या पिनांवर बसली असण्याचा संभव मोठा. या पिनांची मांडणी बोर्डागणिक बदलू शकते, म्हणून जुन्या बोर्डाच्या आठवणीवर विसंबू नये. माहितीपुस्तिकेतील आकृती पाहावी. ‘पॉवर स्विच’च्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करताच संगणक सुरू झाला, तर दोष बटणाचा किंवा त्याच्या तारेचा असतो. हा प्रयोग करताना पिना अचूक ओळखलेल्या असाव्यात, एवढेच.

पंखा झटका देऊन थांबत असेल, तर बहुधा शॉर्ट सर्किट झाल्याने संरक्षक यंत्रणा पुरवठा तोडत असते. बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून त्याखाली स्टँडऑफ नावाचे छोटे पितळी खांब बसवलेले असतात. नव्या बोर्डाची छिद्रे जुन्याहून वेगळ्या जागी असू शकतात. मग जुना एखादा खांब नव्या बोर्डाच्या पाठीवरील जोडांना नेमका टेकतो. खातरजमा करण्यासाठी बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा व तेथे सुरू करून पाहावा. ज्या चकाकत्या पिशवीतून बोर्ड येतो, तिच्यावर मात्र ठेवू नये. तिचा बाहेरील थर वीजवाहक असू शकतो.

तिसरी अवस्था सर्वांत फसवी आणि सर्वाधिक आढळणारी. पंखे फिरतात, दिवे लागतात, म्हणजे बोर्ड चालू आहे असे वाटते. प्रत्यक्षात पंख्यांचे फिरणे एवढेच सांगते, की १२ व्होल्टचा पुरवठा होत आहे. प्रोसेसरला स्वतंत्र वीज लागते. २००० साली पेंटियम ४ बरोबर आलेली चार पिनांची चौकोनी जोडणी आणि तिचाच पुढे झालेला आठ पिनांचा विस्तार प्रोसेसरच्या शेजारी, बोर्डाच्या कडेला असतो. मोठी २४ पिनांची जोडणी बसवली, की काम झाले असे समजून हीच जोडणी विसरली जाते. डिस्प्ले कार्डासाठीची आठ पिनांची तार दिसायला तशीच असते, पण तिच्यातील तारांचा क्रम उलट असतो. म्हणून न बसणारी तार बळाने दाबणे टाळलेच पाहिजे.

त्यानंतर पाळी प्रोसेसर आणि बोर्ड यांच्या जुळणीची. सॉकेट तेच म्हणजे जुळणी झाली, हा समज अनेकांना महागात पडला आहे. इंटेलचे एलजीए ११५१ हे त्याचे ठळक उदाहरण. २०१५ सालच्या सहाव्या आणि त्यानंतरच्या सातव्या पिढीचे प्रोसेसर या सॉकेटमध्ये बसत, तसेच २०१७ पासून आलेले आठव्या पिढीचे आणि त्यानंतर नवव्या पिढीचेही बसत. तरीही पहिल्या दोहोंसाठी १०० व २०० मालिकेतील चिपसेट लागतो आणि नंतरच्या दोहोंसाठी ३०० मालिकेतील. सहाव्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या माणसाने जळालेल्या एच११० बोर्डाच्या जागी एच३१० बोर्ड आणला, तर प्रोसेसर सॉकेटमध्ये अलगद बसेल, पण काही अपवाद वगळता संगणक सुरू होणार नाही. यात कोणताच भाग नादुरुस्त नसतो!

काही वेळा बोर्ड योग्य असतो, पण त्यातील बायोस जुना असतो. ३२ नॅनोमीटरच्या दुसऱ्या पिढीसाठी निघालेल्या अनेक एच६१ बोर्डांना २०१२ साली आलेल्या तिसऱ्या पिढीची ओळख बायोस अद्ययावत केल्याशिवाय पटली नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटबाबतही हेच घडले. २०१८ सालच्या बी४५० बोर्डावर २०१९ चा रायझन ३००० मालिकेतील प्रोसेसर लावायचा, तर बायोस नवा हवा. आणि बायोस नवा करण्यासाठी बोर्ड सुरू तर झाला पाहिजे! या पेचातून सुटण्यासाठी काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय केवळ पेन ड्राइव्हवरून बायोस भरण्याची सोय असते. ती नसेल, तर बोर्डाला ओळखीचा असलेला प्रोसेसर दुकानदाराकडून तात्पुरता लावून घ्यावा लागतो. बोर्ड निर्मात्याच्या संकेतस्थळावर प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकापुढे बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. ही यादी खरेदीपूर्वी वाचण्याचा कंटाळा करू नये.

जुळणी बरोबर असेल, तर सुटसुटीत मांडणी करावी. बोर्ड, हीटसिंकसह प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस एवढेच ठेवून हार्ड डिस्क, यूएसबी उपकरणे, जादा कार्डे सारे काढावे. बोर्डावर बीप वाजवणारा छोटा स्पीकर जोडावा. तो अत्यल्प किमतीत मिळतो. आता वीज बंद करून रॅमही काढावी व संगणक सुरू करावा. तक्रारीचे बीप ऐकू आले, तर ती शुभवार्ता समजावी, कारण बायोसमधील सूचना प्रोसेसरच पार पाडत असतो. बीप आले, याचाच अर्थ प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही जिवंत आहेत. आता रॅम पुन्हा बसवून, खाच जुळवून, दोन्ही टोके खटकन बसेपर्यंत दाबावी. चार खाचा असतील, तर एका पट्टीसाठी बहुधा प्रोसेसरपासूनची दुसरी खाच योग्य असते. मग एकेक भाग वाढवत जावे. डीडीआर५ रॅमच्या बोर्डांवर पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी काही मिनिटे चालू शकते. पडदा काळा पाहून अधीर होणारे नेमक्या त्याच वेळी वीज बंद करतात आणि तीच प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

मॉनिटरची तार कोठे जोडली आहे, हेही पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो, त्यांत चित्र दाखवण्याची अंगभूत सोय नसते. बोर्डावर एचडीएमआयचे तोंड असले, तरी तेथून काही दिसत नाही. स्वतंत्र कार्ड लावावेच लागते. सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी वीज पूर्ण तोडून काही मिनिटे काढून ठेवली, की बायोसमधील चुकीचे बदल पुसले जातात, हा उपायही करून पाहण्याजोगा आहे.

इतके करूनही मौन सुटले नाही, तर प्रोसेसर काढून सॉकेट बॅटरीच्या झोतात तिरपे धरून पाहावे. २००४ सालच्या एलजीए ७७५ पासून इंटेलने डेस्कटॉप प्रोसेसरवरील पिना हलवून सॉकेटमध्ये आणल्या. या पिना केसाएवढ्या नाजूक असून एखादी वाकली तरी रॅमची एखादी खाच किंवा पूर्ण बोर्ड मूक होऊ शकतो. वाकलेल्या पिनेसाठी वॉरंटी सहसा मिळत नाही. सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण म्हणूनच टाकून देऊ नये; बोर्ड परत करताना ते मागितले जाते.

पडदा उजळला, बायोस दिसला, पण विंडोज येत नाही, असे झाले तर घाईने हार्ड डिस्क फॉरमॅट करणे टाळावे. जुन्या पद्धतीने विंडोज टाकलेली हार्ड डिस्क केवळ यूईएफआय पद्धतीवर असलेल्या नव्या बोर्डाला सुरू करता येत नाही. बायोसमध्ये ‘सीएसएम’ हा पर्याय असल्यास तो चालू करून पाहावा. बिटलॉकर चालू असलेला संगणक मात्र बोर्ड बदलल्यावर ४८ आकडी किल्ली मागतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते आणि दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून पाहता येते. जुना बोर्ड अधूनमधून का होईना चालत असेल, तर तो काढण्यापूर्वीच ही किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. ती कोठेच सापडली नाही, तर कोणताही तंत्रज्ञ त्या हार्ड डिस्कवरील छायाचित्रे आणि कागदपत्रे परत मिळवून देऊ शकत नाही.